रेस्क्यूमध्ये यायचंय म्हणणाऱ्या पोरापोरींसाठी

मागच्या आठवड्यात द्राक्षबागेच्या जाळीत अडकलेल्या गव्हाणी घुबडाचा फोटो टाकला होता. त्यानंतर इनबॉक्समध्ये अकरा मेसेज आले. त्यातले दोन "भाऊ, घुबड घरावर बसलं तर काय होतं" असे होते, ते सोडून देतो. बाकीचे नऊ एकाच चालीचे. "दादा, मला पण रेस्क्यूमध्ये यायचंय, कुठून सुरुवात करू?" बहुतेक सगळी बारावीची परीक्षा देऊन बसलेली. कुणी वणीचं, कुणी खेडगावचं, एक मुलगी ननाशीकडची. एकेकाला उत्तर लिहिण्यापेक्षा इथंच लिहितो. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी सुरुवात सांगतो. सांगायला लाज वाटते, म्हणूनच ती आधी.

२०११ची संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते. आमच्या बांधावरच्या बाभळीला एक घार उलटी लटकली होती. पंखात नायलॉन मांजा गुरफटलेला, त्याचं दुसरं टोक काट्यांत. मी तेव्हा वीस वर्षांचा, अंगात मस्ती. शिडी लावली, घार काढली, तिनं हाताला नखं मारली ती कौतुकानं सगळ्यांना दाखवली. पंखाच्या पुढच्या पातळ कातडीत मांजा पार हाडापर्यंत रुतला होता. मी जखम धुतली, हळद भरली, आईच्या जुन्या साडीचा काठ फाडून पंख बांधला आणि घार खोक्यात ठेवून वर शंभरचा बल्ब लावला. थंडी होती ना. मग ड्रॉपरनं दूध पाजलं. दिवसातून चार वेळा. ती चोच उघडायची नाही, मग मी उघडून पाजायचो. अख्खी आळी बघायला यायची. मला वाटत होतं, मी फार मोठं काम करू राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मेलेली होती.

मेलेली घार पिशवीत घालून मी जनावरांच्या दवाखान्यात नेली. का नेली ते आजही सांगता येणार नाही. तिथले डॉक्टर वयस्कर, सगळं आयुष्य गाई-म्हशींत गेलेलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दूध पाजलंस? घारीला?" मग तिची चोच उघडून दाखवली. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. वरून ओतलेलं काहीही सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. शिवाय दूध पक्ष्यांना पचत नाही. हळदीनं, मलमानं पिसं चिकटतात. आणि रानातल्या पक्ष्याला माणूस जवळ आला की हा आपल्याला खाणार, एवढंच कळतं. तीन दिवस आम्ही वीस-पंचवीस जण तिच्या तोंडासमोर बसलो होतो.

"मांजानं नाही मेली रे ही," डॉक्टर म्हणाले. पुढचं बोलले नाहीत, पण मला कळलं.

तेव्हा पोरांनो, पहिली गोष्ट. जखमी पक्षी सापडला तर बुटाचं खोकं घ्या, त्याला चार भोकं पाडा, तळाला सुती फडकं टाका, पक्ष्यावर टॉवेल टाकून उचला, आत ठेवा, झाकण लावा. अंधार आणि शांतता, बस. खायला नाही, पाणी नाही, हळद नाही, फोटो नाही. मांजा मासात रुतलेला असेल तर ओढून काढू नका, लोंबणारा भाग तेवढा कापा. कुठं सापडला आणि किती वाजता, ते कागदावर लिहून खोक्याला चिकटवा, कारण बरा झाला की त्याला तिथंच सोडायचा असतो. मग वनविभागाला फोन. १९२६ हा टोल फ्री नंबर आहे, तो मोबाईलमध्ये आत्ता सेव्ह करा, पोस्ट नंतर वाचा.

नायलॉन मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादानं देशभर बंदी घातली. दर संक्रांतीला आपल्याकडे पुन्हा बंदीचे आदेश निघतात, आणि दर संक्रांतीला तो मिळतो. कुठं मिळतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण नऊपैकी किमान चार जणांच्या प्रोफाईलवर पतंगाचे फोटो आहेत. रागावून नाही लिहीत. मीही उडवले आहेत.

घारीनंतर दोन वर्षं मी साप पकडले. ते रेस्क्यू नव्हतं, ते स्टेज होतं. गर्दी जमायची, कुणीतरी मोबाईल धरायचं, मी शेपटीला धरून नाग उचलायचो आणि भाषण ठोकायचो. धामणीला सोडायला लांब डोंगरात न्यायचो, त्यात पुण्य वाटायचं. खरं तर साप आपल्या ओळखीच्या हद्दीतून एकदम लांब नेऊन टाकला तर तो बिळं, पाणी, भक्ष्य शोधत भटकतो आणि बऱ्याचदा मरतो. हे मला फार उशिरा समजलं. सोडलं कधी, तर माझे व्हिडिओ बघणाऱ्या एका दहा-अकरा वर्षांच्या पोरानं गवतातला साप माझ्यासारखाच शेपटीला धरून उचलला तेव्हा. ती घोणस होती. नाशिकला नेलं, वाचला. बोट गेलं. त्याचे वडील मला एक शब्द बोलले नाहीत. आजही रस्त्यात दिसले की "काय, बरं आहे ना" म्हणतात, आणि मला त्यांच्याकडं बघवत नाही.

म्हणून ज्यांच्या प्रोफाईलवर गळ्यात साप घातलेले फोटो आहेत त्यांना मी उत्तर देत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

त्यानंतर मी एका उपचार केंद्रात राहायला गेलो. ओळखीनं, बिनपगारी, जेवून-खाऊन. मला वाटलं, गेल्या गेल्या बिबट्या नाही तर निदान तरस तरी हाताळायला देतील. पहिले तीन महिने मी एकाही प्राण्याला हात लावला नाही. पिंजरे धुतले. वजनकाट्यावर मांस मोजून ठेवलं आणि सकाळी किती उरलं ते परत मोजलं. विष्ठा कशी आहे ते वहीत लिहिलं. ती वही म्हणजे तिथलं खरं काम. कोल्ह्यानं काल ४०० ग्रॅम खाल्लं आणि आज १५०, तर त्याचा अर्थ काय, हे डॉक्टर वही बघून सांगायचे, कोल्ह्याला बघून नाही. पिंजऱ्यासमोर बोलायची बंदी. नावं ठेवायची बंदी, प्राण्याला फक्त नंबर. एकदा उदमांजराच्या पिल्लाला मी बोटानं खाजवलं म्हणून माझं पिल्लांच्या खोलीत जाणं दोन आठवडे बंद केलं होतं. तेव्हा फार राग आला. पण माणसाला सरावलेलं पिल्लू मोठं झालं की कुणाच्याही पडवीत बिनधास्त शिरतं आणि तिथं काठीनं मारलं जातं. लळा लावणं ही तिथं चूक धरली जाते, कारण त्याची किंमत प्राणी देतो.

आणि मरण. तिथं येणाऱ्या प्राण्यांतले कितीतरी वाचत नाहीत. गाडीखाली कंबर मोडलेला कोल्हा, विजेच्या तारेनं पंख जळालेलं घुबड. त्यांना वेदनेत ठेवायचं नाही म्हणून डॉक्टर सुई देतात तेव्हा कुणीतरी धरायला लागतं. ते धरणारे हात तुमचे असतील. रीलमध्ये हे दिसत नाही.

कायद्याचंही इथंच सांगून टाकतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे. जखमी वन्यप्राणी तुम्ही उचलला म्हणून तो तुमचा होत नाही, तो सरकारचा. ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवायचं असतं. आमच्या घारीचं आम्ही कुणालाही कळवलं नव्हतं, म्हणजे चांगुलपणाच्या भरात कायदाही मोडला होता. घरात पिंजऱ्यात ठेवलेला पोपटसुद्धा गुन्ह्यात येतो. "आम्ही त्याला मुलासारखं वाढवलं" हे तिथं चालत नाही.

आता बिबट्या. दिंडोरीत राहून या कामावर लिहायचं आणि बिबट्या टाळायचा, असं होत नाही.

ज्यांनी ऊसतोड बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कादवाकाठी ऊस आहे, उसात पाणी आहे, सावली आहे, रानडुक्कर आणि कुत्री आहेत. मादीच्या दृष्टीनं उसाचा फड म्हणजे जंगलच. तिथं ती पिल्लं घालते. हंगाम सुरू झाला की टोळी येते, कोयते चालतात, आणि शेवटच्या चार-पाच सऱ्या उरल्या की पाचटात डोळे न उघडलेली पिल्लं सापडतात. टोळीतल्या बाया लगेच पदरात घेतात, मांजरासारखी दिसतात ना. कुणी दूध आणतं. फोटो व्हॉट्सअॅपवर जातो आणि तासाभरात दोनशे माणूस जमा.

काही वर्षांपूर्वी असा एक दिवस मी पूर्ण बघितला. गावाचं नाव लिहीत नाही. सकाळी अकराला दोन पिल्लं सापडली. वनरक्षक आले, मला मदतीला बोलावलं. काम ऐकायला सोपं आहे. डॉक्टरांनी पिल्लं तपासायची, वजन घ्यायचं, गोचिड काढायचे, आणि अंधार पडायच्या आत पिल्लं सापडली त्याच जागी उघड्या क्रेटमध्ये ठेवायची. क्रेट असा की मादीनं पंजा मारला तर आडवा पडेल. कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी लांब जायचं. मादी जवळपासच असते, रात्री येते, मानेला धरून एकेक पिल्लू नेते. जुन्नर भागात हे कितीतरी वेळा झालंय, आपल्या नाशिक जिल्ह्यातही झालंय. पिल्लं उचलून नेली तर दोन गोष्टी होतात. पिल्लं आयुष्यभर पिंजऱ्यात जातात. आणि इकडं पिल्लं हरवलेली मादी त्याच फडाभोवती घिरट्या घालत राहते, वस्तीच्या अंगणापासून शंभर फुटांवर.

आता त्या दिवसाचं अवघड. शेतकऱ्याची तोड चालू होती. कारखान्याची तोड मिळायला किती महिने वाट बघावी लागते ते तुम्हाला सांगायला नको. तोड थांबवायची म्हणजे टोळी दुसऱ्या फडावर जाणार, परत कधी येईल सांगता येत नाही, ऊस वाळणार, वजन घटणार. नाना म्हणजे शेताचे मालक, साठीचे, शांत माणूस. ते म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर आहे, पण माझं नुकसान कोण भरू राहिलं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी वनरक्षकानं मुकादमाला गाठलं आणि टोळी फडाच्या दुसऱ्या टोकाला लावली, मधल्या सऱ्या तशाच ठेवल्या. एक दिवसाची तडजोड. ती कुठल्या पुस्तकात नाही, पण त्या दिवशीचा खरा रेस्क्यू तोच होता. क्रेट ठेवणं दहा मिनिटांचं काम.

गर्दी हटेना. तेव्हा मागून एक बाई पुढं आल्या. मी त्यांना ओळखत होतो. आदल्या वर्षी त्यांच्या नातवाला बिबट्यानं अंगणातून नेलं होतं. त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. क्रेटकडं बघून एवढंच म्हणाल्या, "याच्यासाठी डॉक्टर आला, गाडी आली. आमच्या पोरासाठी रात्री गाडी मिळाली नव्हती."

मी मान खाली घालून उभा राहिलो. अजूनही त्याचं उत्तर मला येत नाही.

माणूस दगावला तर शासन कुटुंबाला २५ लाख देतं. त्या घरात जाऊन ती रक्कम मोठ्यानं उच्चारून बघा म्हणजे कळेल. आपल्या तालुक्यात माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत, आणि त्यातली बरीचशी मळ्यातल्या वस्तीवरची, ज्यांच्या घराला धड दार नाही आणि संडास बाहेर अंधारात आहे अशी. प्राणी वाचवायला निघालेल्या माणसानं आधी त्या घरात जाऊन बसायला शिकलं पाहिजे, असं मला वाटतं. हे मी त्या बाईंकडून शिकलो. आता त्या गावात गेलो की त्यांच्याकडं चहा घेतल्याशिवाय निघत नाही. दोन वेळा त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं, तेही बरोबरच होतं.

त्या रात्री मादी पावणेदहाच्या सुमाराला आली. एक पिल्लू नेलं. दुसऱ्यासाठी पहाटे साडेतीनला. आम्ही हे सकाळी कॅमेऱ्यात बघितलं, नानांना दाखवलं. ते म्हणाले, "बरं झालं, आता माझी तोड लावा."

"सरळ पिंजरा लावा आणि उचलून जंगलात सोडा" हे आपल्याकडं सगळे म्हणतात. आमदारांपासून पानटपरीपर्यंत. मीही म्हणायचो. माणसावर हल्ला केलेला बिबट्या पकडावाच लागतो, त्यात वाद नाही, आणि त्याचा निर्णय कायद्यानं वरिष्ठ वनाधिकारी घेतात. पण दिसला की उचल, याचं काय होतं ते जुन्नरनं बघितलंय. २००१ ते २००३च्या सुमाराला तिथं भराभर बिबटे पकडून दुसरीकडं सोडले. डॉ. विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला, आणि सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढल्याचं त्यात दिसलं. त्यांचाच पुढचा किस्सा तुम्ही सिनेमात बघितला असेल. २००९ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक नर बिबट्या काढला, जीपीएसचा पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचला. तोच आजोबा. वाटेत गावं, रस्ते, रूळ लागले, आणि बहुतेक कुणाला तो दिसलाही नाही.

उचललेल्या बिबट्याचं दुसरं टोकही बघून या. जुन्नरजवळ माणिकडोहला वनविभागाचं बिबट निवारा केंद्र आहे, वाईल्डलाईफ एसओएस ही संस्था ते सांभाळायला मदत करते. पिंजऱ्याच्या गजांना धडका देऊन, चावून कित्येक बिबट्यांचे सुळे तुटतात, नखं उखडतात. असे प्राणी परत सोडता येत नाहीत. ते तिथंच म्हातारे होतात आणि कुणीतरी रोज त्यांना खाऊ घालतं, त्यांचे पिंजरे धुतं. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही म्हणताय ते करिअर.

आता कामाचं, कारण आईवडील विचारतील.

डॉक्टर व्हायचं असेल तर बारावीला बायोलॉजी, मग नीट, मग बीव्हीएससी. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. आपलं विद्यापीठ नागपूरचं, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ. त्याच्याकडं मुंबईत परळचं १८८६ सालचं जुनं कॉलेज आहे, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. तिथं मुख्यतः गाय, म्हैस, शेळी, कोंबडी शिकवतात. वन्यप्राण्यांचं पुढं, बरेलीजवळ इज्जतनगरच्या आयव्हीआरआयसारख्या ठिकाणी किंवा कुणा अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली. गाई-म्हशी शिकायचा कंटाळा करू नका. ज्यानं पाचशे गाई तपासल्या त्याचा हात बिबट्यावरही थरथरत नाही. आणि आणखी एक, हे कुणी सांगत नाही. गिधाडं संपली ती गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक नावाच्या वेदनाशामकानं. मेलेलं गुरू खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. २००६ला गुरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ला केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवर. हरसूलकडं खोरीपाड्याला गिधाडांसाठी उपाहारगृह चालतं, जाऊन बघा. सांगायचं एवढंच की तालुक्यातला जो गुरांचा डॉक्टर चिठ्ठीवर मेलॉक्सिकॅम लिहितो, तो एकही गिधाड हातात न घेता आयुष्यभर गिधाडं वाचवतो.

नीट नाही निघाली तर? माझी नाही निघाली. मी पशुधन पर्यवेक्षकाचा डिप्लोमा केला. दुसरा रस्ता वनरक्षक भरतीचा. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यातला एक विषय लागतो, आणि पळायला लागतं, मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३. ननाशीच्या मुलीनं विचारलंय "मुलींना घेतात का?" तर हो. आणि मी आजवर बघितलेली गर्दी सगळ्यात चांगली आवरणारी व्यक्ती एक महिला वनरक्षकच आहे. बिबट्या पिंजऱ्यात असो की विहिरीत, पहिल्यांदा शिव्या तिला बसतात आणि ती आवाज न चढवता दोरी बांधून लोकांना मागं सरकवते. वन्यजीव रेस्क्यूची खरीखुरी पगारी नोकरी आपल्याकडं सगळ्यात जास्त कुठं असेल तर ती खाकीत आहे, हे लक्षात ठेवा.

संस्थांमध्येही काम मिळतं. जागा कमी, पगार कमी. मला पहिला पगार मिळाला तेव्हा वडील म्हणाले होते, "एवढ्यात एक फवारणी होते." बरोबर होतं त्यांचं. माझं घर आजही दोन एकर द्राक्षावर चालतं आणि हे काम त्याच्या जिवावर. गारपिटीच्या वर्षी मी चार महिने फोन उचलले नाहीत. स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून, घरच्यांशी भांडून रेस्क्यू करणारे दोन-तीन वर्षांत थकतात, मी असे डझनभर बघितले. पोटाचं आधी बघा. आणि कामाला हात लावायच्या आधी रेबीजची लस, चावल्यानंतरची नाही, आधीची. धनुर्वाताचीही.

आपल्याकडं म्हसरूळला वनविभागाचं वन्यप्राणी उपचार केंद्र झालंय, दिंडोरी रोडवरच, हे आपलं नशीब. पण पेठच्या सीमेवरच्या पाड्यावरून जखमी प्राणी तिथं पोचायला किती वेळ लागतो? दोन-दोन तास. हाड मोडलेल्या, धाप लागलेल्या प्राण्यासाठी ते फार झालं. माझी मागणी जुनीच आहे, परत लिहितो, पंचायत समितीतले वाचत असतील तर बरं. दिंडोरीला एक खोली द्या. अंधारी, शांत, धुता येईल अशी. चार मापांचे क्रेट, एक वजनकाटा, एक शिकलेला माणूस, मानधनावर. रात्री आणलेला प्राणी सकाळपर्यंत निवांत ठेवता येईल एवढंच. आणि त्याच गाडीचा, त्याच माणसाचा उपयोग रात्री-अपरात्री मळ्यातल्या माणसासाठीही व्हावा, हे त्या बाईंच्या बोलण्यानंतर मी मागणीत घातलंय. वन्यप्राण्याची गाडी वेगळी आणि माणसाची वेगळी, हे मला आता पटत नाही.

दुसरं, शेततळी. तालुक्यात कागद टाकलेली शेततळी किती झालीत ते वरून ड्रोननं बघा. उन्हाळ्यात ओढे आटले की कोल्हा, तरस, मोर, उदमांजर, बिबट्या सगळे पाण्यावर येतात. उतरायला उतरतात, पण ओल्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही. पोहून पोहून थकतात आणि बुडतात. मागच्या वर्षी एका तळ्यात सकाळी मी कोल्हीण आणि तिची तीन पिल्लं काढली. चारही मेलेली. आईच्या मागं पिल्लं उतरली असणार. त्याच तळ्यात दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मजुराचा मुलगा गेला होता, त्याचाही पाय कागदावर घसरला होता. याला उपाय स्वस्त आहे. जुने टायर काथ्याच्या नाही तर नायलॉनच्या जाड दोरानं एकाखाली एक बांधायचे, वरचं टोक काठावर खुंट्याला आवळायचं आणि ही माळ कागदावरून पाण्यात सोडायची. एका तळ्याला दोन बाजूंनी दोन माळा. कागद फाटत नाही, मी चार वर्षं वापरतोय. विहिरींना कठडे हवेत ते वेगळं, तो खर्च मोठा आहे, तो ग्रामसभेत मांडायचा.

नऊही जणांना हेच उत्तर. येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही पालखेडच्या बाजूच्या पाच शेततळ्यांना माळा लावायला जातोय. प्राणी एकही दिसणार नाही, हे आधीच सांगतो. टायर चाळीस लागतील, सव्वीस जमलेत. ज्याच्या घरी ट्रॅक्टरचा नाही, मोटरसायकलचा नाही, कारचा जुना टायर पडलाय त्यानं तो घेऊन यावं. भाकरी आणि पाण्याची बाटली आपापली. ननाशीवरून पहाटेची एसटी नसेल तर कळव ताई, वणी चौफुलीवर गाडी पाठवतो.